जळालेली बेलदरी

नगर जिल्ह्यात वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "तिथं कुठंय जंगल?" मेळघाटातल्या वनरक्षकाला हा प्रश्न कुणी विचारत नसेल. मी मात्र अख्खी नोकरी त्याचं उत्तर देण्यात काढली. जंगल आहे. उन्हाळ्यात ते काटक्या रोवल्यासारखं दिसतं, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला मेलेलं वाटतं. आणि श्रावणात हिरवंगार होतं तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे असतं.

गेल्या वर्षी वनपाल म्हणून मी निवृत्त झाले. लागले तेव्हा जिल्हा अहमदनगर होता, सुटले तेव्हा अहिल्यानगर. बरीचशी नोकरी जामखेड तालुक्यात झाली, डोंगराच्या कडेच्या एका बीटमध्ये. बीट म्हणजे एका वनरक्षकाने सांभाळायचं रान. मिस्टर सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, मुलगी सासूबाईंजवळ, आणि मी जामखेडला एका खोलीत. वनरक्षकाने चोरटी तोड थांबवायची, चराईवर लक्ष ठेवायचं, रोपं लावायची, वणवा विझवायचा, आणि यातलं काही बिनसलं की ते का बिनसलं हे वरच्यांना लिहून द्यायचं. खाकी कपडे मिळतात, काठी मिळते. बाकी सगळं तोंडावर चालवायचं असतं.

माझ्या बीटमध्ये एक दरी होती. गावातले लोक तिला बेलदरी म्हणायचे. दोन्ही अंगांना उतार, मध्ये उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा, आणि त्या उतारांवर बेलच बेल. देवळाबाहेर एखादं बेलाचं झाड सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बेलाचं रान फार कमी लोकांनी पाहिलं असेल. चैत्रात पानं झडलेली असतात आणि फळं तेवढी लटकत असतात, तेव्हा लांबून वाटतं, कुणीतरी डोंगरावर चेंडू टांगून ठेवलेत.

त्या दरीनं मला नाना तऱ्हेची माणसं दाखवली. श्रावण लागला की बेलपानवाले टेम्पो घेऊन यायचे. पानं तोडायला माझी हरकत नव्हती. पण त्यांना घाई असायची, म्हणून ते फांद्याच उतरवायचे. अडवलं की एकच उत्तर, "देवाला चाललंय, मॅडम." मी म्हणायची की देवानं टेम्पो पाठवलाय का, ते आधी दाखवा. एकदा पुण्याहून एक जोडपं आलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पाच पानांचा बेल वाहिला की काम होतं. दोघं दिवसभर उन्हात प्रत्येक डहाळी तपासत फिरली. संध्याकाळी चार पानांचं एक मिळालं. ते हातात धरून नवऱ्यानं मला विचारलं, एवढ्यावर चालेल का. काय काम होतं ते मी विचारलं नाही. चालेल, एवढंच मी म्हणाले.

या दरीतली एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ओढ्याच्या अलीकडच्या पट्ट्यातल्या सगळ्या झाडांना लांबोडकी फळं यायची, पलीकडच्या पट्ट्यात गोल. अलीकडची झाडं एकदमच पानं टाकायची आणि एकदमच पालवायची. पलीकडच्यांचं वेळापत्रक निराळं. प्रशिक्षणात आमच्या मास्तरांनी बेलाची मुळं उकरून दाखवली होती, ती तेव्हा आठवली. बेल बियांतून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याची मुळं जमिनीलगत लांबवर पसरतात आणि त्या मुळांतून जागोजाग कोंब फुटतात. कोंबाचं झाड होतं, त्या झाडाची मुळं आणखी पुढे जातात. असं पिढ्यान् पिढ्या चाललं की उताराला दिसतात शेकडो झाडं, पण खाली मूळ एकच. खोड माणसासारखं म्हातारं होतं, पोखरतं, पडतं. मुळाचं वय कुणाला सांगता येत नाही. वरचं झाड जोमात असेल तोवर खालची मुळं गप्प असतात. झाड पडलं, तुटलं, जळलं, की त्यांना जाग येते.

मग बेलदरीला भीती कसली, असं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण दरीत फिरताना दिसायची ती सगळी म्हातारी झाडं. मनगटाएवढं खोड कुठं सापडायचं नाही. कोंब यायचे, नाही असं नाही. पावसाळ्यात तांबूस पालवीचे कोंब गुडघ्याएवढे होत आणि होळीपर्यंत जमिनीलगत कुरतडलेले असत. शेळीला बेलाचा कोंब म्हणजे मेजवानी. काटे तिला आडवे येत नाहीत. कितीतरी वर्षं असं चाललं असणार. दर वर्षी मूळ नवीन कोंब वर पाठवी आणि दर वर्षी तो शेळीच्या पोटात जाई. त्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षं आली. म्हाताऱ्या झाडांचे शेंडे वाळायला लागले. वरून खायला घालणारं झाड खंगलं आणि कोंबही टिकेना, तर मूळ किती दिवस तग धरणार? एक दिवस तेही संपणार, आणि ते संपलेलं वर कुणाला कळणारही नाही.

शेळ्यांमध्ये सगळ्यात जुना कळप कौसाबाईंचा. साठी उलटलेली, बारीक अंगाची बाई. मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ते उन्हाळा तापल्यावर परत. त्या भागातलं निम्मं गाव तसंच रिकामं होतं. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. मी कौसाबाईंना मावशी म्हणायची. आमची भेट बहुतेक भांडणानंच सुरू व्हायची. मी म्हणायची, शेळ्या वर आणू नका. त्या म्हणायच्या, बरं. दुसऱ्या दिवशी शेळ्या वरच. दंड करायचा तर कोणाला करायचा, हा प्रश्न मला दर वेळी पडायचा.

त्या वर्षी वणवा लागला तो फाल्गुनात, भर दुपारी.

उन्हाळ्याआधी आम्ही जाळरेषा काढतो. म्हणजे रानाच्या कडेचं गवत पट्ट्यानं आधीच जाळून टाकायचं, की आग तिथवर आली तर पुढे जायला तिला काही मिळू नये. बेलदरीभोवतीही काढली होती. पण नंतर वाऱ्यानं वाळका पाला उडून पुन्हा त्या पट्ट्यावर पसरला होता. आता उपग्रहावरून आगीचा मेसेज मोबाईलवर येतो. त्या दिवशीही आला. तो आला तेव्हा मी आणि आमचे वनमजूर आसाराम दरीच्या तोंडाशी धुरातच उभे होतो. आग कशी लागली हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी बांध पेटवला असेल, कुणी विडी टाकली असेल.

आसाराम माझ्याहून वयानं मोठे. कितीतरी वणवे विझवलेले. त्यांनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, "वारं वर चढतंय. ह्यो उतार राहत न्हाई, मॅडम. वढ्यापलीकडचं रान राखू."

ते बरोबर होतं. उताराला आग माणसापेक्षा जोरात चढते. मी ऑफिसला फोन लावला, आग विझवायचा ब्लोअर मागितला. तो एकच होता आणि दुसऱ्या टोकाच्या वणव्यावर गेला होता. गावात निरोप पाठवला. धावून आल्या त्या सगळ्या म्हाताऱ्या बाया आणि दोन-तीन आजोबा. हातपाय चालणारी माणसं ऊस तोडत होती. आसारामांनी त्यांना कडुलिंबाच्या डहाळ्या तोडून दिल्या आणि ओढ्याच्या कडेनं उभं केलं. तेव्हा त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, कौसा कुठंय?

कौसाबाई वर होत्या. सकाळीच शेळ्या घेऊन गेल्या होत्या.

आसाराम जायला निघाले. मी त्यांना थांबवलं. ओढ्यावर उभ्या असलेल्या त्या माणसांना आगीसमोर केव्हा मागं सरायचं हे सांगणारं कोणी हवं होतं, आणि ते आसारामांनाच जमणार होतं. मी उन्हासाठी डोक्याला बांधलेली ओढणी गावातून आणलेल्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवली, नाकातोंडाला बांधली आणि आगीच्या पलीकडच्या अंगानं पायवाटेनं वर निघाले. भीती वाटत होती का, असं नंतर मुलीनं विचारलं. वाटत होती. पण पायवाट चढताना त्याहून जास्त डोक्यात हे चाललं होतं की धुरात मला ती बाई दिसायची कशी.

शेळ्यांच्या ओरडण्यावरून सापडल्या. दरीच्या वरच्या टोकाला एक सपाट तुकडा होता. शेळ्या रोज तिथं बसायच्या. बाकीचे कळपही तिथंच थांबायचे. वर्षानुवर्षं चरून, तुडवून तिथं टक्कल पडलं होतं. गवताची काडी नाही, नुसता मुरूम. सगळ्या शेळ्या तिथं एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. कौसाबाई मात्र काठी घेऊन वरच्या गवताकडे निघालेल्या. एक गाभण शेळी कळप सोडून वर पळाली होती, तिला आणायला.

मी त्यांचा दंड धरला आणि खाली चला म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला. "शेरडं सोडून मी येत न्हाई."

मी मागं वळून पायवाटेकडे बघितलं. आले ती वाट दोन्ही बाजूंच्या कमरेएवढ्या गवतातून होती आणि खालच्या वळणावर ज्वाळा दिसायला लागल्या होत्या. त्या वाटेनं आता एकटीलाही जाता आलं नसतं. प्रशिक्षणात आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती, की आगीतून पळायला वाट नसेल तर जिथं जळायला काही नाही तिथं जा. तशी एकच जागा होती. शेळ्यांनी टक्कल केलेली.

मी त्यांना म्हणाले, "मावशी, आपण खाली जात नाही. इथंच बसायचं. पण त्या शेळीमागं जायचं नाही."

त्या वर बघत राहिल्या. त्या शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांनी पाऊल उचललं तेव्हा मी पुन्हा दंड धरला, आणि या वेळी सोडला नाही. त्यांनी ओढून बघितलं. मग त्यांचा जोर गेला.

आम्ही दोघी शेळ्यांच्या मध्ये मुरमावर पालथ्या पडलो. ओली ओढणी दोघींच्या तोंडावर घेतली. आग आली ती आवाजानं आधी आली. बेलाची फळं तापून फुटत होती, एकामागून एक, आणि त्यांच्या गराचा गोडसर करपट वास धुरात मिसळला होता. त्या वासानं अजून मला मळमळतं. पाठीवर तापल्या तव्याजवळ बसल्यासारखी धग. दोन्ही बाजूंनी गवत पेटत वर गेलं. शेळ्या आमच्या अंगावर चढत होत्या, खुरं लागत होती. कौसाबाई काहीतरी पुटपुटत होत्या. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. कान दिला तेव्हा कळलं, त्या शेळ्यांची नावं घेत होत्या. एकेकीला हाक मारून थोपवत होत्या.

मग आवाज वर गेला. वरच्या शेळीचं ओरडणं केव्हा थांबलं, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

आसाराम राखेतून वर आले तेव्हा आम्ही बसून खोकत होतो. ओढ्यावर त्यांनी आग अडवली होती, पलीकडचं रान वाचलं होतं. आम्हाला बघून त्यांनी हातातली डहाळी टाकली. खाली बसले आणि टोपीनं तोंड पुसत राहिले. उतरताना माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ज्या शेळ्यांच्या मागं मी इतकी वर्षं काठी घेऊन फिरले, त्यांनी खाऊन संपवलेल्या जागेवर मी जिवंत बसले होते. कौसाबाईंनी हे मला कधी बोलून दाखवलं नाही.

वणव्यानंतरची दरी मी कुणाला दाखवली नसती. काळा उतार आणि त्यावर काळी खोडं. लोक येऊन हळहळून जायचे. ऑफिसकडून लगेच हालचाल झाली. त्यात कुणाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. उघडा पडलेला डोंगर पावसात वाहून जातो. म्हणून जेसीबीनं आडवे चर खणायचे, खड्डे घ्यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला रोपं लावायची. दुसरीकडे हेच काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं आहे आणि त्याचं चांगलंही झालं आहे. पण इथं चर खणले असते तर मुळं तुटली असती. उन्हाळाभर ती तुटकी टोकं उघड्यावर वाळली असती.

मशीन दरीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं त्या सकाळी मी साहेबांना फोन केला. आमचे परिक्षेत्र अधिकारी तेव्हा तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. मी म्हणाले, एकदा येऊन बघा, मग काय ते सांगा. ऑपरेटर चहा पिऊन कंटाळला होता. मशीनचं भाडं चालू होतं आणि तो मला सारखं विचारत होता, मॅडम, चालू करू का. साहेब येईपर्यंत मी आणि आसारामांनी एका जळक्या खोडापासून कुदळीनं माती उकरत नेली. अंगठ्याएवढं मूळ लागलं. मी नखानं त्याची साल खरवडली. आत हिरवट, ओलसर. पुढे गेलो, तेच. आणखी पुढे एक खोड पूर्ण पोकळ जळालेलं होतं, तिथं मूळ काळं होतं. मी कुदळ खाली ठेवली. आसाराम म्हणाले, "आणिक उकरू." त्याच्या पलीकडे पुन्हा ओल लागली.

साहेबांनी खाली बसून ते मूळ बघितलं. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "मुळं जिवंत आहेत, मान्य. पण कोंब आले की शेळ्या खाणार. दर वर्षी हेच होतंय ना? रोपं लावली तर निदान कुंपणाला निधी मिळतो. कोंबांना कुंपण कोण देणार?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता तितका पडला नव्हता. मी मुळांचाच विचार करत होते. मी म्हणाले, गावाशी बोलते. साहेब थोडं वर चढून उतार बघून आले. त्यांच्यावर लागवडीचं वार्षिक काम पूर्ण करायचा दबाव होता, ते मला माहीत होतं. शेवटी त्यांनी मशीन खालच्या उघड्या माळावर वळवायला सांगितलं, जिथं बेल नव्हता. मला म्हणाले, "पावसाळा संपेपर्यंत थांबतो. नाही झालं तर पुढच्या वर्षी मी मशीन आणणार, आणि तेव्हा तुम्ही फोन करायचा नाही."

ऊसतोडीची माणसं परतल्यावर ग्रामसभा झाली. तोवर कोंब आले होते, पाऊस यायच्याही आधी. तापलेल्या काळ्या मातीतून तांब्याच्या रंगाची पालवी. मी ग्रामसभेत सांगितलं की शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तरी शेंड्याला तोंड पोचणार नाही, इतकी उंची होईपर्यंत दरी बंद ठेवा. काही वर्षं लागतील. देवळासमोर बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दत्ता नावाचा एक तरुण उठला. त्याच्याकडे शेळ्या बऱ्याच होत्या.

"वणव्यात तुमी वाचला ते शेरडांनी चरलेल्या जागंवर, मॅडम. समद्या गावाला ठाव हाय. आन् आता तीच शेरडं वर न्यायची न्हाईत म्हनता?"

  मी म्हणाले, तू म्हणतोस ते खरं आहे. शेळ्या बंद केल्या की गवत वाढणार, आणि गवत वाढलं की पुढचा वणवा मोठा येणार. त्यात हे कोंबही जातील आणि यंदा थकलेली मुळंही. म्हणून नुसती बंदी पुरणार नाही. गवत कापून खाली आणायचं, घरी शेळ्यांना घालायचं. गवत ज्याचं त्यानं फुकट न्यायचं. काही जण हिवरे बाजारला जाऊन आलेले होते, त्यांनी तिथं असंच करतात म्हणून सांगितलं. दत्ता म्हणाला, तिथं पाणी हाय, हितं काय हाय. बराच वेळ तसंच चाललं. एक म्हणे हे सगळं फॉरेस्टचं घर भरायला, दुसरा म्हणे बंद करायची तर सगळीच करा.

कौसाबाई बायांत मागं बसल्या होत्या. उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "दरीत माझ्या वयाची झाडं लई हायेत. तरणं एक बी न्हाई. म्या लगीन हून आले तवा हुती." मग दत्ताकडे बघून म्हणाल्या, "वरलं अंग बंद करा. खालचा माळ ऱ्हाऊ द्या शेरडांना."

ठराव झाला. मी त्यांच्याकडे बघत होते, पण त्या शेजारणीशी बोलायला लागल्या होत्या.

वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्यांनी दरीचं तोंड बंद केलं. पावसाळ्यात कोंब असे आले की जुनं एक खोड होतं तिथं झुंबड. राखेत बियांचीही रोपं उगवली, थोडी. मला त्यांचं जास्त अप्रूप होतं. मुळातून येतं ते तेच झाड पुन्हा, त्याच्या गुणांसकट आणि दुखण्यांसकट. त्याला जी कीड लागेल ती सगळ्या पट्ट्याला लागू शकते. बी मात्र नवीन जीव. दरीला दोन्ही हवेत. साहेब दिवाळीआधी येऊन गेले आणि मशीनचा विषय निघाला नाही. दत्ता दोनदा कुंपण सारून आत गेला. एकदा मी त्याच्या शेळ्या कोंडवाड्यात नेल्या. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

दुसरा हिवाळा मात्र वाईट गेला. पाऊस कमी झाला होता. खालच्या माळावरचं गवत मार्गशीर्षातच संपलं. वरचं कापून आणायचं तर उतार चढून, भारा डोक्यावर घेऊन खाली यायचं. कौसाबाईंचे गुडघे तोवर गेले होते आणि घरातली माणसं कारखान्यावर. त्या एका सकाळी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भारा हुत न्हाई माझ्यानं. एक तर शेरडं वर सोडू द्या, न्हाईतर मी इकते."

 त्यांना सोडू दिलं असतं तर दुपारपर्यंत दत्ता आत असता, आणि त्याला अडवायला माझं तोंड राहिलं नसतं. आसारामांनी काही दिवस आपलं काम संपल्यावर त्यांना भारे आणून दिले. मीही आणले, गणवेशावर. सगळ्या कळपाला ते पुरणारं नव्हतं. संक्रांतीच्या आधी त्यांनी शेळ्या जामखेडच्या बाजारात नेल्या. मी त्या दिवशी मुद्दाम बाजारात गेले नाही. मागं दोन राहिल्या, त्याही पुढच्या दुष्काळात गेल्या. भेटल्या की त्या मुलीची चौकशी करायच्या, बाकी काही नाही. मी आणलेला निर्णय गावाच्या भल्याचा होता, हे मला आजही वाटतं. पण त्याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. ज्यांनी तो ग्रामसभेत उचलून धरला त्यांना सगळ्यात जास्त बसली.

त्यानंतर काही वर्षांनी, माझ्या नोकरीच्या अखेरीस, दरी शेळ्यांना पुन्हा उघडायचं ठरलं. कोंबांची तोवर झाडं झाली होती. मनगटाएवढी खोडं, सरळ वाढलेली, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर शेंडे. जुनी जळकी खोडं मधूनमधून कोसळून पडली होती आणि त्यांच्यावर वाळवी होती. नवे कोंब येतात त्या दोन तुकड्यांना आम्ही वेगळं कुंपण घातलं, पुढच्या वर्षी दुसरे दोन, असं फिरवत राहायचं. त्याची जबाबदारी वनसमितीनं घेतली आणि समितीत आता दत्ता होता. त्यानंच सुचवलं की कुंपण काढायला कौसाआज्जीला बोलवू.

त्या काठी टेकत आल्या. नारळ फोडायचा की नाही यावर थोडी चर्चा झाली, मग राहून गेलं. त्यांनी काठीनं बाभळीची एक फांदी बाजूला सारली. बाकीच्या पोरांनी ओढून काढल्या. शेळ्या वाटच बघत होत्या. दत्ताच्या आणि इतरांच्या शेळ्या कौसाबाईंच्या दोन्ही बाजूंनी घुसून आत गेल्या. एक दांडगी काळी शेळी पहिल्याच झाडाला मागच्या पायांवर उभी राहिली. मान ताणली, जीभ बाहेर काढली. शेंडा वर हलत होता. ती खोडावर पाय टेकवून पुन्हा उंच झाली, मग खाली उतरून दुसऱ्या झाडाकडे गेली आणि तिथंही तेच केलं.

कौसाबाई डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. "न्हाई पुरत," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, नाही पुरत.

शेवटची शेळी आत जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, चला मावशी, आत सावलीला बसू, वरपर्यंत बघून येऊ. त्यांनी नको म्हणून मान हलवली. म्हणाल्या, माझं काय हाय तिथं आता. आणि माझ्या हाताला न धरता, काठी पुढं टेकवत, गावाच्या बाजूनं उतरायला लागल्या.